तुझ्या बाबांच्या मापाची सायकल

१२ जानेवारी

त्या रविवारी सकाळी मी कपडे भिजत घातले, दूध तापवलं आणि शिलाई मशीन पुसायला घेतलं. रविवार म्हणजे मशीनला तेल पाजायचा वार, हे तुला माहीत आहे. ती चोचवाली डबी एकदा हातात आली की मला थांबवत नाही. मशीन झालं, स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी झाली, खिडकीची कडी झाली. व्हरांड्यात तुझी सायकल उभी होती; रविवारी बाबा तीच डोंगरावर न्यायचे. आठवडाभर ती शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी केकाटत होती. तुम्हा दोघांना न सांगता तिलाही दोन थेंब पाजले. तू झोपली होतीस. तुझे बाबा चहा पीत वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका शोधत होते. भिजवलेले कपडे मी संध्याकाळपर्यंत धुतलेच नाहीत. तोवर दवाखान्यातून त्यांना घरी आणलं होतं.

एकदम असं सुरू केलं म्हणून रागावू नकोस. आधी मायना लिहिला होता, पण चार वर्षांनी तो शब्द मलाच खोटा वाटला आणि कागद फाडला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

एक बातमी आहे. तुझ्या पलंगाखालची खोकी मी उघडली. बाबांच्या निवृत्तीसाठी तू जमवलेले सुटे भाग सगळे तसेच आहेत. फ्रेम चादरीत गुंडाळलेली, चाकं भिंतीला टेकलेली, बाकी लहान लहान पुडक्यांत. प्रत्येक पुडक्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे. एकीवर लिहिलंस, 'हे बाबांना स्वतः लावू द्यायचं.' ती मी परत होती तशी चिकटवली.

तर मी ती सायकल जोडायला घेतली आहे. डोंगरात चालवायची, जाड टायरची, पुढे स्प्रिंगचा चिमटा असलेली. हसू नकोस. कापड बेतायच्या टेबलावर फ्रेम आडवी टाकली आहे आणि गिऱ्हाइकांना सांगते, हा नवा पुतळा आहे, याच्यावर कोट चढवून बघणार आहे.

तुझ्या सायकलवाल्या पंक्चरकडून नट पिळायचे पाने आणले. त्याचं दुकान आता काचेचं झालं आहे, आत दिवे आहेत, तरी लोक त्याला पंक्चरच म्हणतात. मी पान्यांची यादी वाचून दाखवली तर म्हणाला, "काकू, कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुम्ही जोडणार?"

"का, माझे हात गेलेत?"

"हात आहेत हो. पण सायकलीला काजं-बटणं करायला लागलात तर मला बोलवा."

पाने पिशवीत भरताना म्हणाला, "ती कशी आहे?" तू त्याच्या दुकानात सहा वर्षं काम केलंस, त्याला विचारायचा हक्क आहे. मी म्हटलं, बरी आहे. मला काय माहीत? वर्षाला एकदा बदललेला पत्ता येतो, तेवढाच. तू औषधांच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेस आणि पान्याला हात लावत नाहीस, हे मला त्याच्याकडूनच कळलं, त्यालाही कोणाकडून तरी ऐकून.

आई


९ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी टपालवाला दिसला की मी व्हरांड्यात काहीतरी काम काढते.

चिमटा बसला. हँडल बसलं. पायटे, म्हणजे पेडल, बसवताना फजिती झाली. डावा पायटा उलटा पिळायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अर्धा तास घाम गाळत सरळ पिळत बसले. शेवटी पंक्चरला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, हा घरातला जावई आहे. जग एकीकडे, हा एकीकडे. उलटा फिरवा, गोड होईल." आणि झाला.

त्याने मला एक टिक् वाजणारा पाना दिला आहे. ठरलेल्या जोरापर्यंत पिळलं की तो टिक् करतो. "टिक् वाजलं की थांबायचं. आणखी एकदा म्हणून पिळायचं नाही." मला ते जमत नाही. मी आयुष्यभर गाठीवर गाठ मारत आले. दोनदा टिक् झाल्यावरही पिळलं आणि एका बोल्टचं डोकं झिजवलं. त्याने तो काढून खिशात टाकला.

वाचनालयातून पुस्तक आणलं आहे, सायकल कशी जोडावी याचं. तुला आठवतं ना, मी वाचायला कशी शिकले? बाबा छापखान्यात बांधणीला होते. बिघडलेले फर्मे घरी आणायचे, सोळा-सोळा पानांचे, कधी मधलेच, कधी शाई फुटलेले. त्यावर मी अक्षर ओळखलं, आणि ते रात्रपाळीला गेले की मी शब्द लावत बसायचे. मी कितीतरी गोष्टी सतराव्या पानापासून सुरू केल्या आणि बत्तिसाव्या पानावर सोडल्या. म्हणून ठरवलं, हे पुस्तक पहिल्या पानापासून, क्रमाने, एकही पान न गाळता वाचायचं. सध्या गिअरपाशी आहे.

आता तुला न विचारलेलं सांगते. ही सायकल मी तुझ्या आठवणीने जोडायला घेतली, असं मागच्या पत्रावरून तुला वाटलं असेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. खरं कारण वेगळं आहे. मला तुझी चूक शोधायची होती. ब्रेक कसे बसवतात ते स्वतः बसवून बघायचं आणि कुठला नट तू सैल ठेवलास, कुठली नळी चुकीची लावलीस, ते एकदा माझ्या बोटांना कळू द्यायचं. चार वर्षं मी तुला दोष देत होते, पण तो नेमका कशाचा हे मला माहीत नव्हतं. लोकांनी विचारलं तर मी म्हणायचे, 'ब्रेक लागले नाहीत, पोरीने बसवले होते.' पुढे कोणी विचारत नसे.

बाबा गेल्यावर हवालदाराने जबाब घेतला तेव्हाही हेच सांगितलं. 'सायकल मुलीने स्वतः जोडलेली होती. ब्रेक नीट बसवले नसावेत.' त्याने लिहून कागद पुढे केला आणि म्हणाला, अंगठा चालेल. मला राग आला. मी म्हटलं, मला वाचता येतं. अक्षर न् अक्षर वाचलं आणि सही केली. तू दारात उभी होतीस.

तू त्या आठवड्यात तीनदा म्हणालीस, "आई, मला फक्त एकदा ते ब्रेक बघू दे." सायकल चौकीतून परत आली त्याच दिवशी मी भंगारवाल्याला बोलावून दिली. तू घरी नव्हतीस. परत आलीस, व्हरांड्यात बघितलंस, आणि मी म्हटलं, "तुझ्याच हातांनी गेले ते. आता काय बघायचंय?" दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

पंक्चर परवा बोलता बोलता म्हणाला, "काकू, राग मानू नका. तिने बसवलेला ब्रेक मी डोळे मिटून गिऱ्हाइकाला दिला असता. मला ते कधी पटलं नाही." मी त्याला चहा विचारला नाही.

आई


२ मार्च

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर, आणि तीनच शब्द. 'तेल कुठे घातलंस?'

चेनला घातलं. चेनला तेल घालतात, पुस्तकातही तसंच आहे. पहिल्या पत्रात मी केकाटणं म्हटलं ते चेनचंच.

इकडे सगळं बरं आहे. गिअरची तार ओढून बसवली. शिलाईचा ताण बघायची सवय असल्यामुळे ते मला पहिल्या फटक्यात जमलं, पंक्चरने टाळी वाजवली. समोरच्या मास्तरीणबाई रोज विचारतात, पुतळ्याचा कोट कधी होणार.

ब्रेक अजून बसवलेले नाहीत. सध्या हाताला बरं नाही, म्हणून पत्र लहान.

आई


४ एप्रिल

महिना झाला. तू पुन्हा काही विचारलं नाहीस. तू माझं मानलंस की नाही, याचा मी रोज विचार केला, आणि रोज वाटलं, मानलं असेल. तू लहानपणापासून माझं मानत आलीस. म्हणून आज लिहिते.

चेनला नाही घातलं.

सत्तावीस फेब्रुवारीला पंक्चर ब्रेक दाखवायला घरी आला. चाकाच्या मधोमध भोकाभोकांची चकती असते, तिला डिस्क म्हणतात, हे तुला काय सांगायचं. पण मला त्या दिवशी कळलं की ब्रेक तिलाच धरतो. तोवर मला एवढंच माहीत होतं की केकाटणं तिथून येतं. त्याने नवी कोरी चकती कागदातून काढून टेबलावर ठेवली. मी सवयीने डबी उचलली. त्याने माझं मनगट धरलं.

"अहो काकू! काय करताय?"

"दोन थेंब. पुढे केकाटू नये म्हणून."

"केकाटू दे की! हिला तेल लागलं की ब्रेक गेलेच समजा. साबणाच्या हाताने मासा धरल्यासारखं होतं. कितीही दाबा, उतारावर माणूस थेट खाली."

"दोन थेंबांनी?"

"अर्ध्या थेंबाने. बोटाचा तेलकटपणासुद्धा नको, म्हणून तर मी हात धुऊन आलो." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "घाबरलात काय? अहो, नवे लोक एकदा तरी करतातच. म्हणून आधी सांगतो."

मी म्हटलं, पाणी आणते. आत जाऊन नळ सोडला आणि तिथेच उभी राहिले. तो बाहेरून दोनदा 'काकू' म्हणाला. मी सांगितलं, डोकं दुखतंय, उद्या ये. तो गेल्यावर पुस्तक काढलं. ब्रेकचं प्रकरण शेवटून दुसरं होतं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, चौकटीत लिहिलं होतं. क्रमाने वाचायचा नेम केला होता मी, त्यामुळे तिथवर पोचलेच नव्हते.

तुझं कार्ड दुसऱ्या दिवशी आलं.

म्हणजे तू विचारलंस तेव्हा मला उत्तर माहीत होतं. दोन दिवस कार्ड उशीखाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी 'चेनला' असं लिहिलं. तुला शंका आली होती, आणि ती बरोबर होती. तुझ्या मनात पहिल्यांदाच आलं असेल की कदाचित हे आपल्या हातून झालं नाही. मी पुन्हा ते तुझ्याच पदरात टाकलं. त्या सकाळचं निदान अज्ञान म्हणता येईल. याला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही.

आता ती सकाळ पूर्ण सांगते.

दोन थेंब नव्हते. दोन्ही चाकांच्या चकत्यांना, दोन्ही बाजूंनी घातलं, आणि जुन्या फडक्याने सारखं पसरवलं. चांगलं चकचकीत केलं. तू मला एकदा सांगितलं होतंस, "आई, या चकतीला हात लावायचा नाही." का ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मला राग आला होता. घर माझं, व्हरांडा माझा, आणि तुम्हा बापलेकीच्या वस्तूंना मी हात लावायचा नाही! तुम्ही दोघं त्या सायकलीशी बसलात की मी चहा ठेवायला येणारी कोणीतरी व्हायचे. त्या रविवारी मला वाटलं, यांच्या सायकलीचं केकाटणं मी बंद करून दाखवते. तुम्हाला पुस्तकं आणि पाने लागतात, मला एक डबी पुरते.

बाबा सायकल हाताने ढकलत फाटकाकडे निघाले. जाताना त्यांनी ब्रेक एकदा दाबून पाहिला. चालीच्या वेगाला ती थांबली, आणि आवाज आला नाही.

"अगं, गप्प झाली की बया! कोणी तेलपाणी केलं?"

मी म्हटलं, "तुमच्या लेकीला विचारा."

"झोपलीय ती. पण काम करून झोपली म्हणायची." आणि खूश होऊन गेले.

माझं नाव मी सांगितलं नाही, कारण त्यांनी 'कशाला हात लावलास' म्हटलं असतं. ते म्हणाले असते तर चकती पुसली असती, किंवा तुला उठवलं असतं. एवढ्याने भागलं असतं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत रस्ता सपाट, पुढे चढ. ब्रेकची गरज त्यांना पहिल्यांदा उतरताना लागली.

तू म्हणशील, चार वर्षांत तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? खरंच आलं नाही. तेलाने काही बिघडतं हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं. पण तू ब्रेक बघायला मागितलेस तेव्हा मी सायकल घाईघाईने भंगारात का दिली, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. तेव्हा म्हटलं होतं, डोळ्यांसमोर नको. आता त्या घाईवर माझा विश्वास नाही.

तू ब्रेक नीट बसवले होतेस. ते मी बिघडवले.

सायकल पुरी झाली आहे. ब्रेक बसवायच्या आधी मी साबणाने तीनदा हात धुतले, मग स्पिरिटने पुसले. पंक्चरला सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसून राहिला, मग म्हणाला, "काकू, तिला सांगितलंत?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग मला आधी कशाला सांगितलंत?" आणि निघून गेला. दोन दिवसांनी परत आला, ब्रेक तपासले. म्हणाला, बरोबर बसलेत. मला त्याने बरं वाटलं नाही. इतकं सोपं काम होतं ते, आणि मी चार वर्षं म्हणत होते की तुला जमलं नाही.

सीट तुझ्या खुणेच्या उंचीवर ठेवली आहे. बाबांचं माप तू घेतलं होतंस, ते मी पडताळून पाहिलं. त्यांच्या पँटीचं माप अजून माझ्या वहीत आहे. एका बोटाचाही फरक नाही.

ये, असं मी म्हणत नाही. क्षमाही मागत नाही. मागितली तर देण्याचं ओझं परत तुझ्यावरच पडेल. वाटलं तर पाना हातात घे. नाही वाटलं तर नको घेऊस, पण माझ्यामुळे नको असं होऊ देऊ नकोस.

आई


५ एप्रिल

काल पत्र लिहून झालं. पाकीट बंद करायच्या आधी पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, हे तुझ्यामाझ्यातच राहील. तिकडे चौकीतल्या जबाबाखाली माझी सही तशीच आहे.

आज सकाळी मी चौकीत गेले. हवालदार तोच आहे. पोट सुटलंय, चष्मा लागलाय. त्याने मला ओळखलं नाही. मी तारीख सांगितली, डोंगरावरचं तिसरं वळण सांगितलं, मग ओळखलं.

"मावशी, ती फाईल कधीच बंद झाली. अपघाती मृत्यू."

"त्यात माझा जबाब आहे. तो खोटा आहे."

"मुद्दाम खोटा दिला होतात?"

"तेव्हा मला खरा वाटला होता. पण मला जे माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं सांगितलं. हा नवा घ्या." मी घरून लिहूनच नेला होता, दोन प्रती.

त्याने उभ्या उभ्या वाचला. मग खुर्ची ओढून बसला आणि पुन्हा वाचला.

"हे कशाला करताय? तेव्हा कोणावर गुन्हा लागला नाही, कोणाला शिक्षा झाली नाही. आता उगाच तुमच्यावर काही आलं तर?"

"येऊ दे."

"पोरीने पाठवलंय का?"

"तिला माहीतसुद्धा नाही."

"मग घरी जा, मावशी. झालं ते झालं."

"त्या कागदावर लिहिलंय की तिने ब्रेक नीट बसवले नसावेत. उद्या कोणी तो उघडला तर तेच वाचेल. मी गेल्यावरही तेच वाचेल."

त्याने चष्मा काढून पुसला. मग आत जाऊन फाईल शोधून आणली, त्याला पाऊण तास लागला. मी बाकावर बसून होते. माझा जुना जबाब वरच होता. तो मी परत एकदा वाचला, तेव्हा वाचला होता तसाच, अक्षर न् अक्षर. मग नव्यावर त्याच्यासमोर सही केली. एक प्रत त्याने जुन्या जबाबाच्या वर टाचून फाईलला लावली. दुसरीवर मी शिक्का आणि तारीख मारून घेतली. ती या पाकिटात घातली आहे.